अक्का जाऊन आल्या

हे लिहू की नको, यात तीन-चार महिने गेले. या ग्रुपवरचे असे अनुभव मी आजवर करमणूक म्हणूनच वाचले, बऱ्याचदा हसलोही. देवाला नमस्कार करतो, पण भास, संकेत वगैरे... कधीच नाही. माझं कामच असं आहे की तारीख, वेळ आणि बुकिंग नंबर असल्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही. नावं बदलली आहेत, बाकी जसं घडलं तसं लिहितोय.

मी मूळचा नागपूरचा, गेली नऊ वर्षं बंगळुरूत. सर्जापूर रोडवरच्या फ्लॅटमधून एका छोट्या ट्रॅव्हल कंपनीसाठी न्यूझीलंडच्या ट्रिप्स प्लॅन करतो. कुठली फ्लाइट, कुठे बदलायची, दोन बेटांमध्ये फेरीबोट घ्यायची की पुन्हा विमान — दिवसभर हेच. स्वतः मात्र तिथे कधी गेलेलो नाही.

मागच्या वर्षी, कुणाकडून तरी माझा नंबर मिळवून, सुलोचनाक्कांचा फोन आला. बंगळुरूतल्याच के. आर. पुरमच्या, तीन-चार पिढ्यांपासून इथेच असलेल्या मराठी कुटुंबातल्या. यजमान कधीच गेलेले. एकुलती एक मुलगी विद्या न्यूझीलंडमध्ये नेल्सनला नर्स होती, एका वयस्कर बाईंच्या घरात खोली घेऊन राहायची. "आई, सुट्टीला ये, जानेवारीत इथे उन्हाळा असतो," म्हणून दोन वर्षं मागे लागली होती. अक्का पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत राहिल्या. आणि एक दिवस विद्याच गेली. मेंदूत रक्तस्राव... दोन दिवसांत सगळं संपलं. अंत्यसंस्कार तिकडेच झाले. अक्कांनी ते फोनवर पाहिले.

"विमान सोडून दुसरं काय आहे रे जायला?" हा त्यांचा पहिला प्रश्न. फुफ्फुसांच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी विमानाला साफ नाही म्हटलं होतं.

इथे माझं चुकलं. भारतातून तिकडे प्रवासी बोट जात नाही, हे मला माहीत होतं. तरी म्हणालो, "बघतो अक्का, काहीतरी निघेल." मग दर सोमवारी त्यांचा फोन यायला लागला. मी क्रूझ शोधल्या. एक सिंगापूरहून होती, पण सिंगापूरपर्यंत तरी विमान लागणारच. मालवाहू जहाजवाल्यांना मेल टाकले, ते त्यांच्या वयाच्या माणसाला घेईनात. तरी मी चार महिने "बघतोय" म्हणत राहिलो. खरं बोलायचा धीरच होत नव्हता.

शेवटी एका गुरुवारी दुपारी त्यांच्या घरी गेलो.

"ये सुहास, बस. स्वल्प कॉफी टाकते."

"अक्का, आधी ऐका. बोटीचं जमणार नाही. हे मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं—"

"सरी, सरी. राहू दे आता." त्यांनी हात हलवला. "मी जाऊन आले."

मला वाटलं, दुःखानं डोक्यावर परिणाम झाला. पण त्या बाजारात जाऊन आल्यासारख्या शांतपणे सांगत होत्या. "काल जेवून जरा पडले होते. बघते तर बोटीत. केवढी हलत होती ती! मग डोंगरांच्या मधल्या पाण्यात शिरली आणि हलायची थांबली. तिथून बस, वळणावळणाचा रस्ता. मग तिचं घर."

फेरीबोट डोंगरांमधल्या खाडीत शिरली की अचानक शांत होते, हे मला परत आलेल्या क्लायंट्सनी सांगितलं होतं. अक्कांशी त्या फेरीबद्दल मी एक शब्दही बोललो नव्हतो.

"विद्या... भेटली?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"खोलीत कोणी नव्हतं. कॉटवर तिचा स्वेटर होता. मी बसून राहिले, पुष्कळ वेळ. खिडकीत कुंडीत कढीपत्ता होता, पार वाळलेला. तरी पाणी घातलं त्याला. एवढ्या लांब गेले रे... ती काही आली नाही."

"कढीपत्ता व्हिडिओ कॉलवर दिसला असेल, अक्का."

"तिनं कधी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर कसा वाढवायचा ते मी सांगितलं नसतं का?"

त्याच संध्याकाळी मी त्यांच्याकडून मेलचा पत्ता घेऊन विद्याच्या घरमालकीणबाईंना मेल केला. अक्का काय म्हणाल्या, ते लिहिलं नाही. खोली तशीच आहे का, तिथे एखादं झाड आहे का, एवढंच विचारलं.

सकाळी उत्तर आलं. विद्या गेल्यापासून त्यांना ती खोली उघडवत नव्हती. माझा मेल वाचून पहिल्यांदाच उघडली. कॉटवर स्वेटर होता. खिडकीतलं झाड मेलेलं होतं, पानं सगळी खाली गळालेली. पण कुंडीतली माती ओली होती. खिडकीची कडी आतून लावलेली, किल्ली त्यांच्याकडे, घरात त्या एकट्या. छतही कुठे गळत नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलं होतं — तुम्ही कुणाला पाठवलं होतं का?

मी बराच विचार केला. बोटीचा व्हिडिओ अक्कांनी कुठेतरी पाहिला असेल. स्वेटर अंदाजानं सांगितला असेल. मातीपाशी मात्र मी अडकतो.

शनिवारी अक्कांना मेल मराठीत वाचून दाखवला. वाटलं, त्यांना बरं वाटेल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे त्या बाईनं खोली उघडली?"

"हो."

"मग आता तिथे दुसरं कोणी राहायला येईल."

मी हो म्हणालो. अक्कांनी पदर तोंडावर घेतला आणि विद्या गेल्यानंतर पहिल्यांदा, माझ्यासारख्या परक्या माणसासमोर, मोठ्यानं रडल्या.

त्या बुधवारी काय झालं, मला आजही माहीत नाही. अक्कांना मी पुन्हा विचारलेलं नाही.