हाताच्या दोन फेऱ्या

बाईंचं परदेशातलं हे दुसरं वर्ष. बावीस वर्षं इकडे फळा झिजवून पन्नाशीत त्या विमानात बसल्या, आणि निवृत्त झालेला नवरा निमूटपणे मागोमाग गेला. आता डबा तो भरायचा. "जन्मभर मी भरला, आता तुम्ही," असं सुनावून बाई मोकळ्या! वर मीठ कमी पडलं की बिचाऱ्याला धारेवर धरायच्या.

तिसरीचा वर्ग, चोवीस मुलं. पहिल्याच दिवशी पोरांनी त्यांना नुसत्या नावाने हाक मारली. झालं! नावाने तर त्यांना सासूनेही कधी हाक मारली नव्हती. आठवड्याभरात सगळा वर्ग तिथल्या भाषेतल्या वाक्यांना "बाई" जोडून बोलायला लागला.

त्यात एक चष्मेवाली होती. गणिताचं नाव काढलं की तिच्या पोटात दुखायचं, अगदी खरं दुखायचं. मागे कधीतरी बोटं उघडून मोजताना कुणी हसलं होतं. तेव्हापासून हात बाकाखाली आणि पेपर कोरा. वार्षिक परीक्षेतही नापास झाली तर तिला मागे पडलेल्यांच्या वेगळ्या वर्गात बसवणार होते. बाईंनी तिच्यासाठी रक्त आटवलं, पण पोर काही बोलेल तर शपथ.

परीक्षेला देखरेख होती शेजारच्या वर्गाच्या सरांची. पेपर तपासताना चष्मेवालीचे वीसपैकी सतरा गुण पाहून बाई खुर्चीतच उडाल्या. तेवढ्यात मुख्याध्यापिकांचं बोलावणं आलं.

"सर सांगतात, मुलं परीक्षेत बोटांनी खुणा करत होती. सगळी. उद्या सकाळी चौकशी करू. खरं निघालं तर चोवीसही पेपर रद्द."

बाई तणतणतच घरी आल्या. "माझी पोरं कॉपी करतात? आणि त्या पोरीचे सतरा गुण काय आभाळातून पडले?"

"शू! जरा थांब गं," नवरा शेगडीपाशी उभा होता. "कुकरची दुसरी शिट्टी झाली की तिसरी, विसरेन मी."

त्याचा अंगठा करंगळीच्या पेरावर टेकला होता. शिट्टी झाली, अंगठा पुढच्या पेरावर सरकला. बाई बघतच राहिल्या. एका बोटाची तीन पेरं, चार बोटांची बारा.

"अहो, मीपण असंच मोजते का हो?"

"मग! परवा तुझा विसरलेला डबा द्यायला आलो, तेव्हा जिन्यात पोरं मोजत होतीस ना? चोवीस पोरं, हाताच्या दोन फेऱ्या. हात बघायचीसुद्धा गरज नाही तुला."

सकाळी मुख्याध्यापिकांच्या खोलीत सर होते, चष्मेवाली होती आणि तिच्या पोटातली कळ होती. बाई म्हणाल्या, "हिला एकटीला नवी गणितं द्या. एकटी कुणाला खुणा करणार?"

पाच गणितं दिली. पोरीने बाईंकडे पाहिलं, हात टेबलावर ठेवला, आणि अंगठा पेरांवरून सरसर फिरू लागला.

"हेच! हेच करत होती सगळी!" सर ओरडले.

पाचही उत्तरं बरोबर आली. मुख्याध्यापिकांनी कागद दोनदा पाहिला. "कुणी शिकवलं तुला हे?"

"कुणीच नाही. बाई जिन्यात आम्हाला असं मोजतात. त्या एवढ्या मोठ्या आहेत, तरी बोटांवर मोजतात, आणि त्यांना कुणी हसत नाही. म्हणून मीपण करून बघितलं. मग सगळ्यांना दाखवलं."

बाईंना एकदम भरून आलं. वर्षभर घसा फोडून जे साधलं नाही, ते जिन्यात मुकाट्याने होऊन गेलं होतं! बाईंनी एका हातावर बारा मोजून दाखवले, आणि पेपर जसेच्या तसे राहिले. सर ओशाळले, माफी मागितली, आणि जाता जाता हळूच विचारलं, "ते बारा कसे होतात हो?"

मधल्या सुट्टीत बाई नेहमीसारख्या जिन्यात उभ्या राहिल्या. पोरं उतरत होती, अंगठा सरकत होता. पण भरल्या डोळ्यांपुढे सगळं धूसर. तेवीसच भरली. पुन्हा मोजली, तर बावीस! बाई कासावीस झाल्या.

चष्मेवाली शेवटच्या पायरीवर थांबली. तिचा अंगठा करंगळीच्या पेरावर होता.

"असू दे बाई," ती म्हणाली. "मी मोजलीत. चोवीस आहेत."