लॉनवरचं वाळवण

परभणीहून बाणेरला मुलाच्या बंगल्यात आल्यावर विमलाबाईंना वाळवण घालायला जागाच सापडेना. छप्पर उतरतं, अंगणभर लॉन. अभिनव आणि सूनबाई हिंजवडीला कंपनीत गेले, की त्या लॉनवर प्लास्टिकचा कागद अंथरून कुरडया घालत आणि दोघं परतायच्या आत गोळा करत. कागदाखालचं गवत भाजून तपकिरी पडे. माळी जयसिंग ते खुरप्याने काढी, माती भुसभुशीत करून शेणखत घाली आणि कडेच्या हिरव्या गवताचे ठोंब लावी. विमलाबाई कागद जरा पलीकडे सरकवत. मग तिथं जळे.

"आजी, उचला की आता. सायेब विचारतील."

"दोनच दिवस रे."

शनिवारी अभिनवने डाग बघितले आणि जयसिंगला हाक मारली. "काय हो, लॉन आहे की नकाशा? उद्यापासून येऊ नका."

जयसिंग खुरपं पुसत राहिला. त्याने विमलाबाईंचं नाव घेतलं नाही, तेच त्यांना सोसेना.

"त्याला बोलू नकोस. माझ्या कुरडयांनी जळलंय ते."

अभिनव रागावला असता तर बरं झालं असतं. तो हसला. "अगं आई, विकत मिळतात की. आणि हल्ली खातंय कोण?"

जयसिंगचं काम टिकलं. महिन्याभरात लॉन सगळीकडे सारखं हिरवं झालं. विमलाबाई दिवसभर व्हरांड्यात हात मांडीवर ठेवून बसत.

"बरं हाय ना, आजी?" पाणी घालताना जयसिंग विचारी.

"छान उगवलंय," त्या म्हणत.