भरलंय कधी?

हातात खायचं काहीही आलं की अंकल ते आधी नखाने टकटक वाजवून बघायचे, कानाशी न्यायचे आणि देणाऱ्याकडे चोर पकडल्यासारखं बघत विचारायचे, “भरलंय कधी?” सामोसेवाल्याला विचारलं तर एक वेळ समजू. पण गॅसची टाकी आणणाऱ्यालासुद्धा तेच!

तुमच्याही बिल्डिंगमध्ये असे एक अंकल असतीलच. आमच्या चंदनसारच्या बिल्डिंगमध्ये ते समोरच्या घरात राहायला आले. जन्म वसईजवळच्या गास गावचा, नोकरी इटालियन बोटीवर, भटारखान्यात. आंटी पडल्या, अंथरुणाला खिळल्या, म्हणून लेकीने दोघांना इकडे आणलं. विरार पूर्व त्यांना इटलीपेक्षा परकं वाटायचं.

आमची ओळख झाली ती एका घोटाळ्यातून. मी कराडची. करंज्यांना कानोले म्हणते, ऑर्डरीही घेते. वॉचमनने त्यांना सांगितलं, समोर कानोले मिळतात. लगेच बेल वाजली.

“बाय, कानोली मिळते म्हणे?”

मी ताटलीच पुढे केली. टकटक झाली. “भरलंय कधी?”

“परवा.”

“ही कानोली नव्हे.”

“मग काय डोंबल?” मी ताडकन म्हणाले.

मग कळलं, त्यांची कानोली म्हणजे इटलीतली मिठाई. तळलेली कुरकुरीत नळी, आत ताज्या चीजचं गोड सारण. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की मगच भरायची. आधी भरून ठेवली की मऊ पडते. नालासोपाऱ्याला एका नव्या केकवाल्याकडे मिळते असं ऐकून मीच त्यांना रिक्षाने घेऊन गेले. काउंटरवरच्या मुलीने फ्रीजमधून काढून दिली.

“भरलंय कधी?”

“काल, अंकल.”

ते तिथूनच मागे फिरले. रिक्षाचं भाडं माझ्या डोक्यावर!

आता मलाच संशय यायला लागला. हा माणूस खरंच बोटीवर होता, की नुसत्या बाता? आणि या वयात जिभेचे एवढे चोचले कशाला? मी तोंडावर विचारलं.

“माझ्यासाठी नाय गं. दर सुट्टीला हिला डबाभर आणायचो. घरी येईस्तोवर मऊ. ही खायची आणि छान म्हणायची. एवढी वर्षं छान म्हणते, खोटारडी! आता जेवण तुटत चाललंय तिचं. एकदा तरी कडक खाऊ दे.”

माझा राग कुठल्या कुठे पळाला. त्यांनी गासच्या वाडीतून बांबूच्या नळ्या कापून आणल्या. माझ्या कानोल्याची पारी त्यांवर गुंडाळून आम्ही तळली, दूध फाडून सारण केलं. ते आंटींच्या उशाशी बसले आणि नळी भरली.

“भरलंय कधी?” आंटींनीच विचारलं.

“आत्ता. तुझ्यासमोर.”

कर्रकन आवाज झाला. आंटी सावकाश चावत राहिल्या.

“चांगली आहे. पण मऊच बरी होती हो. मऊ खाल्ली की वाटायचं, तुम्ही घरी आलात.”

अंकलनी डोळे बारीक केले. बाहेर येऊन मला विचारलं, “बाय, माझं मन राखायला बोलली का गं ती?”

मला काय ठाऊक! पण घरी येऊन मी रडले.

पुढे आंटी गेल्या. अंकल गासला परत निघाले, त्या दिवशी म्हणाले, नालासोपाऱ्याला चल. केकवाल्याकडच्या त्या मुलीने त्यांना ओळखलं आणि बिचारी घाबरलीच.

“अंकल, आजपण कालचीच आहे.”

“कालचीच दे. बायको खरं बोलत होती का बघतो.”

टकटक नाही, कानाशी नेणं नाही. उभ्या उभ्या त्यांनी ती सगळी खाल्ली. बोटं पुसली, मग डोळे पुसले.

“अजून एक दे,” ते म्हणाले.