शेवटच्या घरचा नळ

देशाच्या संसदेत आजवर एकाहून एक नग जाऊन बसले असतील, पण शेजारणीच्या नळाचं पाणी चाखल्याशिवाय ज्याला सकाळचा चहा गोड लागत नाही असा खासदार एकच, आणि तो आमच्या गल्लीने दिला आहे. त्यांना दिल्लीला जाऊन काही वर्षं झाली, तरी आम्ही अजून त्यांना नगरसेवकच म्हणतो. तोंडावर ‘भाऊ’ आणि पाठीमागे ‘आपले नगरसेवक’. आमची गल्ली नागपुरात, सक्करदऱ्याच्या तलावामागे आहे, बऱ्यापैकी अरुंद आणि बऱ्यापैकी भांडखोर. तिच्या अगदी टोकाला आमचं घर, आणि पाण्याची पाइपलाइनही तिथेच संपते. पाणी सोडलं की पहिल्या घरचं अंगण धुऊन होतं, मधल्या घरांचे पंप घरघरतात, मग उरलंसुरलं आमच्याकडे येतं. नगरसेवकांचा सिद्धांत असा, की वयनींच्या नळाला पाणी आलं म्हणजे साऱ्या वॉर्डाला आलं. वयनी म्हणजे मी.

त्यामुळे दिल्लीला जाण्याआधी रोज पहाटे नळाच्या वेळेला ते आमच्या दारात हजर. लुंगी, शाल, माकडटोपी आणि हातात स्वतःच्या घरचा स्टीलचा पेला. बाहेरूनच हाक मारायची, “वयनी, नळ आले का?” आले म्हटलं की पेला धारेखाली धरायचा, एक घोट तोंडात घोळवायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. “आज औषध जास्त झालं.” नाहीतर, “टाकी धुतली वाटते.” हे निकाल साफ चुकायचे. एकदा नळ आलेच नव्हते, म्हणून मी वाळा घातलेल्या माठातलं पाणी त्यांच्या पेल्यात ओतलं. घोट घेऊन ते एवढे खूश झाले, की तिथल्या तिथे त्यांनी पाणी खात्याच्या इंजिनिअरला फोन लावून शाबासकी दिली. मी खरं सांगितल्यावर जराही न ओशाळता म्हणाले, “मंग माठ चांगला हाय.” माझे यजमान खापरखेड्याच्या वीजकेंद्रात आहेत. रात्रपाळी करून ते घरी यायचे तेव्हा हा कार्यक्रम रंगात आलेला असायचा. “पाण्याला मीटर बसवला तसा या माणसालाही एक बसवा,” असं म्हणून ते पांघरुणात शिरायचे.

नगरसेवकांचं घराणं विणकरांचं. वडिलांचा माग कधीच बंद पडला, पण धागे कापायची त्यांची छोटी कात्री मात्र मुलाने खिशात ठेवली, आणि नगरसेवक झाल्यावर त्या कात्रीला खरे दिवस आले. कचऱ्याच्या डब्यापासून ब्युटी पार्लरपर्यंत आमच्या भागात असं काही उरलं नाही ज्याची फीत त्यांनी कापली नाही. समाजभवनात नवा कूलर आला, त्याचंही उद्घाटन झालं. उत्साहाच्या भरात फितीबरोबर कूलरची वायरही कापली गेली. नशीब, बटण बंद होतं. पुढचा अख्खा मे महिना तिथल्या लग्नांत वऱ्हाडी मंडळी पत्रिकांनी वारा घेत बसली. प्रत्येक भाषणाचा शेवट मात्र ठरलेला: “काही लागलं तर बोलवा.” आणि लोक खरंच बोलवायचे. साप निघाला, बोलवा. नाली तुंबली, बोलवा. नवराबायकोचं वाजलं, बोलवा. ते अर्ध्या जेवणावरून उठून यायचे, सगळं ऐकून घ्यायचे आणि बहुतेक वेळा त्यांच्या हातून काही व्हायचं नाही. समोरची आजी म्हणायची, “भाऊ आले का काम होत नाही बाप्पा, पण बरं वाटते.”

ते दुसऱ्यांदा निवडून आले ते काविळीमुळे. उन्हाळ्यात नळाला गढूळ पाणी येऊ लागलं, आम्ही बाया मडकी घेऊन रस्त्यावर बसलो. आता भांडण मिटवावं की नाही? तर हे गृहस्थ गर्दीत शिरले, त्यातलंच तांब्याभर पाणी सगळ्यांसमोर घटाघटा प्यायले आणि म्हणाले, “फस्क्लास हाय! उगाच काहून भेता?” महिनाभरात डोळे पिवळेधमक. निवडणूक तोंडावर आलेली, आणि उमेदवार उसाचा रस पीत खाटेवर पडलेला. विरोधकांनी फटाके आणून ठेवले होते म्हणतात. पण बायांनी वेगळाच हिशेब केला. “आपल्यासाठी कावीळ घेतली त्या माणसानं,” असं घरोघर झालं. ते पाणी चांगलं आहे असं तोच माणूस सांगत होता, हे कोणाच्या लक्षातच राहिलं नाही. एकही सभा न घेता, एकही भाषण न करता ते दणक्यात निवडून आले. भाषणं न केल्यामुळेच आले, असं यजमानांचं मत आहे.

पुढे राज्यसभेची एक जागा निघाली. पक्षातले दोन मोठे पुढारी तिच्यावरून असे हमरीतुमरीवर आले, की माझा नाही तर तुझाही नाही, इथवर गोष्ट गेली. मग जो कोणाच्याच गटात नाही आणि ज्याची कोणालाच भीती वाटत नाही असा माणूस शोधता शोधता त्यांचं बोट आमच्या नगरसेवकांवर थांबलं. फोन आला तेव्हा ते कोणाच्या तरी गच्चीवर पाण्याच्या टाकीत डोकं घालून उभे होते. कोणी थट्टा करतंय असं समजून त्यांनी दोनदा फोन कापला. बिनविरोध निवड झाली आणि गल्लीत दिवसभर ढोल वाजला. संध्याकाळी ते आमच्याकडे आले. चेहरा पार उतरलेला.

“भाऊ, पेढा घ्या.”

“वयनी, मले तं वार्डच नाही.”

“म्हणजे?”

“राज्यसभेले वार्ड नसते. सांगून राहिले का सारं राज्य तुमचं. पण साऱ्या राज्यातून मले बोलवन कोन? इथं नाली तुंबली का तुमी मले बोलवता. आता म्हणान, खासदाराले कशाले त्रास द्यायचा? अन् ज्याले कोनी बोलवतच नाही, तो असला काय नं नसला काय!”

मी हसून म्हटलं, “तुम्हाला नाही बोलवणार तर कोणाला?” ते हसले नाहीत. पेढा हातात धरून तसेच बसून राहिले.

दिल्लीत त्यांना बंगला मिळाला. त्यात नळच नळ, आणि पाणी रात्रंदिवस. दुसऱ्याच दिवशी पहाटे माझा फोन वाजला. “वयनी, नळ आले का?” तिथून रोजचा फोन सुरू झाला. धार कमी आहे म्हटलं की ते दिल्लीहून इथल्या इंजिनिअरला पिळायचे. सभागृहात पहिल्यांदा बोलायला मिळालं, तेव्हा विषय मोठमोठ्या नद्यांच्या पाणीवाटपाचा होता. आम्ही सगळे टीव्हीसमोर. ते उठले, घसा खाकरला आणि अस्सल नागपुरी हिंदीत म्हणाले, “महोदय, पानी कितना है वो छोडो. आखरी घर में पहुँचा क्या, वो पूछो. हमारे यहाँ एक वहिनी हैं…” वहिनींचा नळ नदीपर्यंत पोचायच्या आत वेळ संपल्याची घंटा वाजली. त्यांनी हात जोडले. “ठीक है. कुछ लगा तो बुलाना.” सभागृह खो खो हसलं. यजमान म्हणाले, “घे, तुझा नळ देशभर गाजला.” मलाही हसू आलं, आणि मग उगाचच रडू आलं.

आणि मग गल्लीत नवी पाइपलाइन पडली. तीही त्यांच्याच खटपटीने, हे सांगायलाच हवं. मंत्रालयाच्या किती पायऱ्या झिजवल्या असतील त्यांचं त्यांना ठाऊक. आता चोवीस तास पाणी, शेवटच्या घरालाही धो धो. पहाटे फोन आला, “वयनी, नळ आले का?” मी आनंदाने सांगून बसले, “भाऊ, नळ आता जातच नाहीत!”  ते एवढंच म्हणाले, “बरं झालं.” त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. विचारायला काही उरलंच नव्हतं. नालीसाठी, सापासाठीही कोणी त्यांना फोन करेना. एवढ्या मोठ्या माणसाला कशाला त्रास, असं जो तो म्हणायचा. मीसुद्धा.

या दिवाळीला ते घरी आले. पांढरी गाडी, बरोबर बंदूकवाला शिपाई. दिवसभर पुढाऱ्यांची रांग लागली, आमच्यापर्यंत काही त्यांना येता आलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे सवयीने मला जाग आली आणि मी खिडकीशी गेले. गल्ली झोपलेली. पाण्यासाठी उठायची गरजच कोणाला राहिलेली नाही. बंद दारांमधून लुंगी, शाल आणि माकडटोपी अशी स्वारी एकटीच चालत येत होती. हातात तो स्टीलचा पेला. एकेका दारापुढे थांबायचे, कानोसा घ्यायचे आणि पुढे निघायचे. आमच्या दारापर्यंत आले, पण हाक मारली नाही. पेला शालीआड घेतला आणि परत वळले.

मी धावत मागच्या अंगणात गेले, मीटरजवळची पाण्याची चावी अर्ध्याच्या वर बंद केली आणि पुढचं दार उघडलं. “भाऊ! बरे भेटलात. तुम्हाला बोलवणारच होते मी. धार बघा हो किती बारीक झालीये.”

ते जवळजवळ पळतच आले. पेला धारेखाली धरला, घोट तोंडात घोळवला, डोळे मिटले. “हाव वयनी, प्रेशर कमीच हाय. मले काहून नाही सांगितलं? आत्ता पाह्यतो त्याच्याकडं,” असं म्हणत त्यांनी फोन काढला आणि भल्या पहाटे इंजिनिअरला झाडायला सुरुवात केली. त्यांचा आवाज इतका मोकळा मी किती दिवसांनी ऐकत होते.

दुपारी इंजिनिअर आला. त्याने मीटर पाहिला, चावी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “चहा घेता?” तो चहा प्यायला आणि चावीला हात न लावता निघाला. जाताना एवढंच म्हणाला, “राहू द्या ताई. माझापण फोन वाजत नव्हता.”

आता पुन्हा रोज पहाटे दिल्लीहून विचारणा होते. “आले, पण धार बारीक आहे,” मी सांगते. रात्रपाळीहून आलेले यजमान अंगाला साबण लावून न्हाणीघरातून ओरडतात, पाण्याला झालंय काय म्हणून. शेवटचं घर आहे आपलं, मी म्हणते. चावी अजून तशीच आहे.