दिघोरीची आंबलेली बिअर

कॉलेजातला माझा मित्र पुण्याच्या बिअर कारखान्यात चव घेण्याचं काम करायचा. पंधरा वर्षांनी नोकरी सोडून तो दिघोरीला शेतावर परत आला. भरपूर खेटे घालून बिअर बनवायचा परवाना मिळवला आणि गोठ्याशेजारी टिनाचं शेड बांधलं. घरच्याच धानाला मोड आणायचे, ते वाळवून भरडायचं, पाण्यात उकळून निघालेला रस पसरट भांड्यात मोहाच्या झाडाखाली उघडा ठेवायचा. बाजारचं यीस्ट तो घालत नसे. हवेतून जे पडेल, त्यानंच रस आंबायचा. मग सहा महिने सागवानी पिंपात.

धान कापून झाल्यावर त्यानं मला बोलावलं. मी पवनीला शिक्षक. रविवारी बसनं गेलो. आभाळ भरून आलेलं होतं. तो चुलीजवळ बसून पिंपांबद्दल सांगत होता आणि त्याच्या हाताशीच गंजातला भात करपत होता. धूर निघाला तरी त्याचं बोलणं चालूच. त्याची बायको अंगणातून धावत आली, गंज उतरवला.

"मले वास येत नाही आता," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "मागच्या तापात गेला. चवही गेली. डॉक्टर म्हणते, येईल हळूहळू."

"मग बिअर?"

"हात सांगते न. म्हणून तर तुले बोलावलं. पिऊन पाह्य."

शेडात त्यानं पिंपाची तोटी उघडली. ग्लास तोंडाजवळ नेला तोच ओल्या पोत्यासारखा कुबट वास आला. घोट घेतला. नुसती आंबट नव्हती. पार बिघडली होती. तो माझ्या ओठांकडे बघत होता. एके काळी ह्याच माणसानं घोटभर पाणी चाखून ते कोणत्या विहिरीचं हे सांगितलेलं मी पाहिलं होतं.

"मस्त आहे बे," मी म्हणालो.

त्यानं माझा खांदा दाबला. "पुढच्या महिन्यात नागपूरच्या हॉटेलवाल्याले बोलावतो मंग."

निघताना बायको फाटकापर्यंत आली. तिच्या माहेरी सगळे बौद्ध, तिनं लहानपणीच पंचशील घेतलेलं; दारूचा थेंब ओठाला लावत नसे.

"भाऊजी, खरं सांगा. बिघडली न?"

"हो."

"मले वासानं समजते. पण ते म्हणते, तू पेत नाहीस, तुले काय कळते. तुमचं आयकतीन. सांगून जा न."

मी वळून पाहिलं. तो बाटल्या धूत होता, शिट्टी वाजवत. रस्त्यावर बस दिसली. "फोनवर सांगतो," म्हणालो आणि चढलो.

फोन केला नाही. आज करू, उद्या करू असं करत महिना गेला. मग त्याचाच आला.

"हॉटेलवाला येऊन गेला. पहिलाच घोट थुकला त्यानं, सगळ्यायच्या समोर." मग त्यानं विचारलं, "तुले त्या दिवशी समजलं होतं का?"

"हो."

"काहून नाही सांगितलं?"

तुझं पडलेलं तोंड पाहवलं नसतं, हे खरं होतं. पण ते बोलायची लाज वाटली. पलीकडे गाय हंबरली. मग फोन बंद झाला.

उन्हाळ्यात मी न कळवताच गेलो. शेडाला कुलूप होतं. पिंपं बाहेर उन्हात पडलेली, फळ्या वाकून सुटलेल्या. तो अंगणात होता. मला बघून उठला, "या सर, बसा," म्हणाला आणि खांद्यावर फावडं टाकून बांधाकडे निघून गेला.

बायकोनं चहा दिला. "चवीचं आता काहीच बोलत नाही ते," ती म्हणाली. "जेवतानाही मीठ मागत नाही."

मी शेवटच्या बसपर्यंत थांबलो. तो शेतातून आला नाही.