नानांची बस आणि तीन रेग्युलेटर

किस्से कसे साठतात ते कळत नाही. आपण एखादी वस्तू बनवायला बसतो, आणि वस्तू राहते बाजूला, तिच्याभोवतीच्या गोष्टीच वाढत जातात. आमच्या रविवारच्या टोळीचं तेच झालं. टोळी म्हणजे तिघंच. इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान चालवणारा योगेश, डिप्लोमा कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या वंदना मॅडम आणि प्रोग्रामिंगचा नाद लागलेला मी, गणिताचा मास्तर. जळगावात योगेशच्या दुकानाचं शटर रविवारी अर्धं खाली असतं. आत आम्ही.

योगेशचे वडील साक्रीला राहतात. सगळे त्यांना नाना म्हणतात. आयुष्यभर बस चालवली. मग अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात लुळा पडला. डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला. म्हणाले, रोज दाबत राहा, नाहीतर बोटं आखडतील. नानांनी चेंडू खिडकीत ठेवून दिला.

"मी काय धाकला पोऱ्या शे का?"

योगेशनं हे सांगितलं तेव्हा मॅडम सोल्डरिंग करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चेंडू नको असेल तर बस देऊ या त्यांना."

म्हणजे हातात मावणारा गेम. स्क्रीनवर साक्री ते धुळे रस्ता. उजव्या बटणानं गाडी पळणार, डाव्यानं ब्रेक लागणार.

*

स्क्रीन मिळाला, बटणं मिळाली. घोडं अडलं ते विजेपाशी. बॅटरी भरलेली असताना चार व्होल्टच्या वर असते आणि उतरत उतरत तीनवर येते. आतल्या चिपला मात्र कायम सव्वातीनच्या आसपास लागतात, कमी नाही, जास्त नाही. ते सांभाळायचं काम रेग्युलेटरचं.

योगेशनं ड्रॉवरमधला जुना, तीन पायांचा रेग्युलेटर काढला. त्याला आधी भरपूर व्होल्टेज द्यावं लागतं, म्हणून दोन बॅटऱ्या जोडल्या. तो हवं तेवढंच पुढे सोडतो आणि उरलेल्याची उष्णता करून टाकतो. आधीच जळगावचा मे महिना. थोड्या वेळानं मॅडमनी गेमची डबी हातात घेतली आणि लगेच टेबलावर ठेवली.

"योगेश, नानांना गेम द्यायचाय. इस्त्री नाही."

*

दुसरा रेग्युलेटर त्याहून लहान होता, एका बॅटरीवर चालणारा. लावला आणि बस छान सुटली. पण साक्रीची शेवटची घरं मागे पडली की स्क्रीन फिकट व्हायचा आणि गेम बंद पडायचा. चूक माझ्या प्रोग्रामात असणार म्हणून मी सगळा रस्ता पुन्हा लिहून काढला. गेम त्याच जागी बंद पडला.

शेवटी मॅडमनी मीटर लावला. बॅटरीत भरपूर जीव होता. पण या रेग्युलेटरला स्वतःसाठीच एक व्होल्ट मागे ठेवून घ्यावा लागायचा. बॅटरी जरा उतरली की पुढे द्यायला त्याच्याकडे पुरेसं उरायचं नाही.

योगेश म्हणाला, "म्हणजे दलालच शे हा."

*

तिसरा आला तो तुरीच्या डाळीएवढा. जास्त आलं तर उतरवतो, कमी आलं तर चढवतो. तो बसवताना मॅडमनी पंखा बंद करायला लावला, कारण वाऱ्यानं उडाला असता. आम्ही घामानं निथळत उभे. तेवढ्यात योगेश शिंकला.

रेग्युलेटर गेला. फरशी झाली, टेबलाखाली झालं, योगेशनं स्वतःचा शर्ट झटकला. मॅडम तशाच चिमटा धरून उभ्या, आणि ती डाळ त्यांच्या मनगटावर घामाला चिकटलेली.

बसवला आणि मीटर लावला. बॅटरी मुद्दाम उतरवत नेली. चार, साडेतीन, तीन. पलीकडचा आकडा जागचा हलला नाही. मी गणित शिकवतो, खालच्या आकड्यातून वरचा आकडा काढणं मला नवीन नाही. पण ते डाळीएवढ्या वस्तूला करताना बघून मी खुर्चीत बसलो.

*

त्यातही एक खोट निघाली. हा रेग्युलेटर आत फार वेगानं चालू-बंद होत राहतो, त्याची बारीक शिट्टी स्पीकरमध्ये उतरायची. मॅडमनी असा आवाज गाळणारे कपॅसिटर बदलून बघितले. शिट्टी कमी झाली, गेली नाही. आणखी एक मोठा कपॅसिटर लावला तर जाईल असं त्यांचं गणित होतं. तो सोबत घेऊनच आम्ही साक्रीला गेलो.

नानांनी डबी कानाशी धरली.

मॅडम म्हणाल्या, "नाना, हा आवाज काढून देते. दहा मिनिटांचं काम आहे."

"राहू द्या ताई. बिगर आवाजनी गाडी राहस का कोठे?"

मॅडमनी कपॅसिटर पर्समध्ये ठेवला.

*

नाना खाटेवर बसले होते. मॅडम त्यांच्या मागे, भिंतीला टेकून. मी आणि योगेश समोर. नानांनी डबी दोन्ही हातांत धरली, म्हणजे उजव्यानं धरली आणि डावा हात नुसता टेकवला. गाडी निघाली. ते उजव्या बटणानंच चालवत होते. डाव्या अंगठ्याकडे आम्ही बघत होतो आणि बघत नसल्यासारखं करत होतो.

नेर गावाच्या अलीकडे गाडी हळू झाली. मग थांबली.

त्या रस्त्यावर मी झाडं टाकली होती, दोन पूल टाकले होते. थांबा एकही नव्हता आणि माणूस तर एकही नव्हता. स्क्रीनवर रिकामा रस्ता आणि उभी बस. डावा अंगठा बटणावर दाबलेला होता. नखाचं टोक पांढरं पडलं होतं.

योगेश म्हणाला, "नाना, पुढे घ्या ना."

"थांब. म्हातारी चढी राहिनी."

आम्ही थांबलो. नानांनी मान किंचित मागे वळवली.

"बठ्ठा बसनात का?"

मागून मॅडम म्हणाल्या, "सगळे बसले, नाना. घ्या गाडी."

नानांनी अंगठा उचलला.