टमाट्याचं भांडण

माझ्या मामांइतका भांडकुदळ माणूस उभ्या हिंगोली जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि भांडण कशावरून, तर टमाट्यावरून. जवळा बाजारच्या अलीकडे त्यांच्या शेतात एक पॉलीहाऊस आहे. अर्ध्या भागात मामांचे टमाटे मातीशिवाय, पांढऱ्या पाइपांत नुसत्या खताच्या पाण्यावर वाढतात. उरलेल्या अर्ध्यात मामीचे, शेणखत घातलेल्या काळ्या मातीत. चव कुणाच्या टमाट्याला, यावर नवराबायकोत रोज सकाळपासून जुंपायची. पाण्याचा आंबटपणा तपासायचं यंत्र मामांच्या खिशात कायम असतं. पाहुण्याच्या चहात ते बुडवून बघितल्याशिवाय कप हातात देत नाहीत. लाईट गेली की मोटर बंद पडायची आणि मामा तांब्या घेऊन मुळांवर पाणी ओतत धावत सुटायचे. मामी आपल्या वाफ्यात बसून म्हणायची, "माही माती लाईटीची वाट पाहत न्हाई." मग दिवसभर मामा तिच्याशी बोलत नसत, म्हणजे जेवणापर्यंत.

आल्यागेल्याचे डोळे खांद्यावरच्या दस्तीनं बांधून ते दोन फोडी खायला घालतात आणि निकाल मागतात. लग्नाची पत्रिका द्यायला आलेले पाहुणे एकदा पत्रिका न देताच पळाले होते.

गेल्या उन्हाळ्यात मामी वारली. पोरं पुण्याला असतात. आता त्या एवढ्या शेतात मामा एकटेच. परवा गेलो तेव्हा मामीच्या वाफ्याला पाणी देऊन झालं होतं, स्वतःचे पाइप अजून बघायचे होते. माझेही डोळे बांधले गेले. मी दोन्ही फोडी खाल्ल्या आणि खरं ते सांगितलं, "पाण्यातला गोड हाय, मामा. जिंकले तुमी."

वाटलं, आता शेजारच्या शेतात ऐकू जाईल असं ओरडतील. पण दस्ती सोडणारे हात थांबले.

"न्हाई. तुही जीभ बराबर न्हाई आज."

"काहून? चांगली तर हाय."

मामा हळूच म्हणाले, "तिला हरवून काय करू? रोज इथं येऊन तिच्यासंग भांडून राहिलो, म्हणून दिवस निघून राहिला. निकाल लागल्यावर बोलू कुणासंग?"

मी दस्ती पुन्हा घट्ट बांधायला लावली, दोन्ही फोडी पुन्हा खाल्ल्या, सावकाश.

"बराबर कळून न्हाई राहिलं, मामा. पुढच्या बाजाराला परत येतो."

"ये," मामा म्हणाले, आणि मातीच्या वाफ्याकडे तोंड करून ओरडले, "ऐकलं का? अजून काही ठरलं न्हाई!"